कार्यक्रम नको, ठरलेला वार द्या

प्रति,
परिसरातली ग्रंथालयं, क्रीडा मंडळं, शाळा, सभागृहं आणि छंदवर्ग चालवणाऱ्या सर्व पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

३ डिसेंबर जवळ आला की तुमच्यापैकी कुणाचं ना कुणाचं निमंत्रण आमच्या घरी येतं. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली हा दिवस अपंग व्यक्तींसाठी ठरवून दिला, तेव्हापासून तो जगभर पाळला जातो. तुमच्या कार्यक्रमात माझ्या भावाला व्यासपीठावर बसवायचं असतं, आईचा सत्कार करायचा असतो, कुणीतरी डोळे पुसत भाषण करायचं असतं. यंदाही बोलावणं आलं आहे. आम्ही येणार नाही. राग नाही, खरंच नाही. पण तुमच्याकडे एक सभागृह, एक पूर्ण दिवस आणि धावपळ करायला तयार असलेली पंधरावीस माणसं आहेत. त्यांचं काय करता येईल याबद्दल आमचं मत वेगळं आहे. ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हे पत्र.

माझा भाऊ चौदा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत एपिलेप्सी, म्हणजे फिट येण्याचा आजारही आहे. तो व्हीलचेअर वापरतो. तोंडाने बोलत नाही, चिन्हांच्या तक्त्यावर नजर रोखून बोलतो. हे पत्र पाठवण्याआधी मी त्याला वाचून दाखवलं. दोन वाक्यांना त्याने 'नाही' म्हटलं, ती काढून टाकली आहेत.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा किंवा त्याच्या जडणघडणीत राहिलेला बिघाड, आणि त्यामुळे हालचालींवर झालेला परिणाम. हे जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात घडतं. मेंदूतली ती जखम पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढतं. हाडं लांब होतात, ताठर स्नायू त्यांच्या मागे पडतात, खुब्याचा सांधा जागचा सरकू लागतो. चार वर्षांचा असताना कडेवर बसून सगळीकडे येणारा मुलगा चौदाव्या वर्षी घराबाहेर दिसेनासा होतो, आणि लोक म्हणतात, त्याचं दुखणं वाढलं वाटतं. त्याच्या मेंदूतली इजा होती तेवढीच आहे. आईची पाठ होती तशी राहिलेली नाही.

२०१२ साली संशोधक आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयीच्या अनेक अभ्यासांमधले आकडे एकत्र मांडले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी दर तिघांत एकाला चालता येत नाही, दर चौघांत एकाला बोलता येत नाही, दर चौघांत एकाला एपिलेप्सी असते. या गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून लोकांना माहीत असतात. त्याच आकड्यांतल्या दोन गोष्टी दिसत नाहीत. दर चौघांत तिघांना कुठे ना कुठे दुखत असतं. आणि जवळपास निम्म्या मुलांना बौद्धिक अपंगत्व नसतं. माझा भाऊ कोणत्या निम्म्यात आहे हे मी इथे सांगणार नाही, कारण बोलताना दोन्हीकडच्या मुलांच्या डोळ्यांत बघूनच बोलायचं असतं. 'याला समजतं का हो?' हे त्याच्या डोक्यावरून आम्हाला विचारू नका. त्याला कान आहेत.

दुसरा एक प्रश्न आईला नेहमी ऐकावा लागतो: बाळंतपणात नेमकं काय झालं होतं? विचारणाऱ्याला वाटतं आपण आपुलकीने चौकशी करतोय. या प्रश्नाचं मूळ फार जुनं आहे. लंडनच्या विल्यम लिटल या शल्यविशारदाने १८६१ साली अवघड बाळंतपण आणि मुलांच्या हातापायांचा ताठरपणा यांचा संबंध जोडला, आणि पुढची शंभर वर्षं तीच समजूत पक्की राहिली. मनोविश्लेषणामुळे प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड त्याआधी मुलांच्या मेंदूविकारांवर काम करत. १८९७ मध्ये त्यांनी शंका मांडली, की अवघड बाळंतपण हे कारण नसून गर्भातच आधी झालेल्या बिघाडाचं लक्षणही असू शकेल. त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९८६ मध्ये कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी अमेरिकेतल्या हजारो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की जन्मताना गुदमरणं हे बहुसंख्य मुलांच्या बाबतीत कारण ठरत नाही. ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, मुलांच्या आयांनी तर याहून वाईट ऐकलं आहे. आई मायेने वागत नाही म्हणून मूल मिटून जातं, असं विसाव्या शतकाच्या मध्यावर तज्ज्ञ मंडळीच सांगत होती. ते खोडून काढायला बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाला १९६४ साली पुस्तक लिहावं लागलं. तो स्वतः ऑटिस्टिक मुलाचा बाप होता. एवढा इतिहास सांगायचं कारण इतकंच, की आपुलकीने विचारलेल्या त्या प्रश्नात आईवरचा संशय आधीपासून बसलेला आहे, आणि ती उत्तर देता देता दमली आहे.

आता मुद्द्यावर येते.

थेरपिस्टकडे आठवड्यातले काही तास जातात. उरलेला सगळा आठवडा घराचा असतो. सकाळी अंग मोकळं करणं, पायांना स्प्लिंट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या बांधणं, प्रत्येक जेवणाला पाऊण तास, औषधांच्या वेळा, रात्री उठून कूस बदलून देणं. या कामात सुट्टी नसते, आणि आजारी पडण्याची सोयही नसते. आमच्याकडे येणारे बहुतेक जण निघताना 'काही लागलं तर सांगा' असं मनापासून म्हणतात. पण मग सांगण्याचं कामही आईच्याच गळ्यात पडतं: कुणाला सांगायचं, कधी, आणि मागच्याच महिन्यात त्यांना सांगितलं होतं, आता पुन्हा कसं सांगायचं. शेवटी ती कुणालाच काही सांगत नाही, आणि लोकांना वाटतं यांचं छान चाललंय.

इंग्लंडमध्ये २०११ पासून अपंग मुलांच्या पालकांना विसावा मिळावा यासाठी नियम लागू आहेत. दिवसाची देखभाल, रात्रीची देखभाल, मुलासाठी घराबाहेरचे उपक्रम, आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी, शाळेच्या सुट्टीत मदत, अशी सोय स्थानिक प्रशासनाने ठेवायची असते, आणि कुणाला काय मिळू शकतं हे जाहीरही करायचं असतं. निधी पुरत नाही ही तिथल्या पालकांची रड आहेच. मला मात्र त्या नियमांतली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. विसावा मिळाला नाही तर जे पालक कोलमडतील, फक्त त्यांचा विचार करून भागणार नाही, असं तिथे लिहिलं आहे. शिकायला, व्यायामाला, घरातल्या दुसऱ्या मुलांसाठी, किंवा साधी रोजची कामं उरकायला वेळ मिळाला तर जे आणखी चांगलं सांभाळू शकतील, त्यांचाही विचार करायचा. म्हणजे मदत मागण्यासाठी आधी मोडून पडून दाखवायची अट नाही.

कायदा करणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. वार ठरवणं आहे. समजा दर गुरुवारी पाच ते सात या वेळात तुमच्यापैकी दोन माणसं आमच्या घरी आली, किंवा माझा भाऊ तुमच्या ग्रंथालयात आला. तेच दोन चेहरे, तोच वार, तीच वेळ. एक जण आजारी पडला तर तिसरा तयार. वर्षभर. एवढंच. त्या दोन तासांत आई काय करेल हे विचारायचं नाही. झोपली तरी चालेल.

'आम्हाला काही येत नाही, काही झालं तर?' ही भीती रास्त आहे, पण ती शिकून जाते. फिटचंच घ्या. जगात सुमारे ५ कोटी माणसांना एपिलेप्सी आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझा भाऊ उरलेल्यांतला. त्याला फिट आली की आधी घड्याळ बघायचं. जमिनीवर असेल तर आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, झटके थांबताच कुशीवर वळवायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. जीभ गिळली जाते ही निव्वळ अफवा आहे. व्हीलचेअरमध्ये असेल तर ब्रेक लावायचे, पट्टा तसाच ठेवायचा, डोक्याला आधार द्यायचा. श्वास अडतोय असं वाटलं तरच खाली घ्यायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा पूर्ण शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर रुग्णवाहिका. बहुतेक वेळा ती वेळ येत नाही. फिट गेल्यावर तो बराच वेळ गळून गेलेला असतो, तेव्हा त्याच्याभोवती गर्दी नको. हे सगळं एका कागदावर मावतं. तो कागद आमच्याकडे तयार आहे.

भरवणं मात्र कागदावरून शिकता येत नाही. मान मागे कलली की घास श्वासनलिकेकडे जाण्याचा धोका वाढतो, आणि काही मुलांच्या बाबतीत तो खोकला न येताच आत उतरतो, बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. छातीत वारंवार होणाऱ्या संसर्गांचं ते एक कारण असतं. त्यामुळे प्रेमाने का होईना, कुणी काही त्याच्या तोंडात घालू नये. आधी आईसोबत बसा, बघा, मग तिच्या देखरेखीखाली करा. पहिले काही महिने ते काम घेऊच नका. त्याला वाचून दाखवा. बुद्धिबळ खेळा, सोंगटी तुम्ही हलवा, चाल तो सांगेल. मी तुम्हाला आधीच सावध करते, तो हरला की पुन्हा खेळायला लावतो.

तो 'सांगेल' म्हणजे कसं, हेही लिहायला हवं. चार्ल्स ब्लिस नावाच्या माणसाने एक चिन्हलिपी रचली होती. वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकमेकांचं कळावं हा त्याचा हेतू होता. १९७१ साली टोरांटोत शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बोलता न येणाऱ्या मुलांसमोर ठेवली, आणि ज्यांना काही कळत नाही असं धरून चाललेलं होतं ती मुलं वाक्यं करू लागली. आज तक्ते आहेत, टॅबलेट आहेत, नजरेवर चालणारी यंत्रं आहेत. तक्ता हाती दिला की मूल बोलायचा आळस करतं, अशी एक समजूत घराघरांत आहे. अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही. तुम्हाला शिकायचं आहे ते वेगळंच. प्रश्न विचारला की थांबायचं. आपल्याला अवघडल्यासारखं होईल इतकं थांबायचं. त्याचं वाक्य मध्येच तोडून आपण पुरं करायचं नाही, भले आपला अंदाज बरोबर असो. पाहुणे नेमके इथेच चुकतात, आणि मग तो नजर फिरवून घेतो.

रॅम्पबद्दल मी लिहीत नाही, त्यावर तुमची भाषणं झालेली आहेत. स्वच्छतागृहाबद्दल मात्र लिहिते. आम्ही कुठे जायचं हे कार्यक्रम बघून ठरत नाही, तिथे भावाचा डायपर बदलता येईल का यावर ठरतं. अपंगांसाठी म्हणून जी खोली असते ती व्हीलचेअरमधून उठून कमोडवर बसू शकणाऱ्या माणसाचा विचार करून बांधलेली असते. ज्याला आडवं करूनच बदलावं लागतं, त्याच्यासाठी तिथे काही नसतं. तान्ह्या बाळांच्या घडीच्या फळीवर चौदा वर्षांचा मुलगा मावत नाही. मग उरते फरशी, ओली, लोकांच्या चपलांनी तुडवलेली. तिच्यावर चादर अंथरून एका वयात आलेल्या मुलाला झोपवायचं, आणि पन्नाशीच्या बाईने गुडघ्यांवर बसून त्याला स्वच्छ करून पुन्हा उचलायचं. बाहेर रांग लागलेली, दारावर थापा. असं एकदोनदा झालं की माणूस ठरवतो, नकोच ते बाहेर जाणं. किंवा निघायच्या आधी मुलाला पाणी कमी पाजतो. हे मी ऐकीव लिहीत नाही.

ब्रिटनमध्ये २००६ पासून 'चेंजिंग प्लेसेस' नावाची मोहीम याच एका मागणीवर उभी आहे. मोठ्या माणसाला झोपवता येईल असा खाली-वर होणारा बाक, उचलण्यासाठी हॉइस्ट, मध्ये पडदा, आणि दोन मदतनिसांना वावरता येईल इतकी, सुमारे १२ चौरस मीटर जागा. इंग्लंडमध्ये २०२१ पासून मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींमध्ये ही सोय नियमाने करावी लागते. तुम्ही लगेच हॉइस्ट आणा असं मी म्हणत नाही. सभागृहात मोडक्या खुर्च्या ठेवायला एखादी खोली असतेच. ती रिकामी करा. एक भक्कम, कमरेएवढ्या उंचीचा पलंग, आतून लागणारी कडी, पाणी, झाकणाची कचरापेटी. सत्काराच्या खर्चात हे बसतं, आणि याचा उपयोग फक्त आमच्या घराला होणार नाही. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा तुमच्याही घरात आहेत किंवा होतील.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मुलांच्या अपंगत्वावर तेव्हा काम करत असलेले पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गॉर्टर यांनी २०१२ मध्ये सहा गोष्टी मांडल्या, ज्यांच्याभोवती अशा मुलाचं आयुष्य बघावं: काम जमणं, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. डॉक्टरांना पहिल्या तीन जमतात. मजा आणि मित्र औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाहीत, ते तुमच्याकडे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं तिसावं कलम तर स्पष्ट सांगतं, की खेळ, करमणूक आणि क्रीडा यांत अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता आला पाहिजे. वेगळा 'त्यांच्यासाठीचा' क्रीडादिन घेतला की हे झालं, असं कृपया समजू नका. नेहमीच्या उन्हाळी वर्गात एका मुलाला घ्या.

घेतलंत तर एक पथ्य पाळा. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे मायकेल जियान्ग्रेको यांनी १९९७ मध्ये शाळांमध्ये बघून दाखवून दिलं, की मदतीला नेमलेलं मोठं माणूस सतत मुलाला चिकटून बसलं की वर्गातली मुलं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. आमच्याही वाट्याला हे आलं आहे. म्हणून स्वयंसेवकाने दोन पावलं मागे थांबावं. मुलं आपसात वाट काढतात. ती फाजील प्रश्न विचारतील, व्हीलचेअर भरधाव पळवतील, भांडतील. भांडू द्या.

मी हे सगळं भावाबद्दल लिहितेय, कारण मला त्याचंच नीट माहीत आहे. पण 'अशी मुलं' म्हणून एकच गठ्ठा करू नका. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार, असलेला मुलगा लहानपणी चालतो, पळतोही, आणि पुढे काही वर्षांत त्याला व्हीलचेअर लागते. काल जमलेलं आज न जमणं हा त्याचा आळस नसतो. रेट सिंड्रोम असलेल्या मुलीचे शिकलेले शब्द आणि हातांचा वापर लहानपणीच हरवतात, पण ती डोळ्यांनी बरंच काही सांगत असते. काही ऑटिस्टिक मुलांना तुमच्या ध्वनिवर्धकाचा आवाज शारीरिक वेदनेसारखा झोंबतो, आणि त्यांच्यासाठी सर्वांत मोठी मदत म्हणजे तो बंद करणं, किंवा काय कधी होणार हे चित्रांच्या यादीत आधी दाखवणं. ज्या घरात मूल आहे त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते खरं धरा. शेजारच्या कुणाच्या मुलाला कशाने गुण आला, हे त्यांना सांगू नका.

आणखी एक, थोडं माझ्यासाठी. अशा घरात दुसरी मुलंही असतात. 'तूच आता आईचा आधार' हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, आणि ते कौतुक म्हणून ऐकवलं जाई. अमेरिकेत सिअॅटलमध्ये डॉन मेयर यांनी 'सिबशॉप' नावाचे मेळावे सुरू केले, जिथे अपंग मुलांची भावंडं एकत्र जमतात, खेळतात, आणि मध्येच भावाबहिणीचा राग येतो, लाज वाटते, काळजी वाटते, हे मोकळेपणाने बोलतात. कुणी त्यांना समजूतदार म्हणत नाही. तुमच्या ग्रंथालयाची एक खोली महिन्यातून एकदा यासाठी मिळाली तर मला हवी आहे. चालवायची जबाबदारी मी घेते.

आई-बाबांना रात्री झोप लागत नाही ती आत्ताच्या कामामुळे नव्हे, पुढच्या प्रश्नामुळे. आपल्या मागे याचं कोण? संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अपंग हक्क करारातल्या तेविसाव्या कलमात याचाही विचार आहे: जवळच्या कुटुंबाला मुलाची देखभाल करणं शक्य नसेल, तर ती विस्तारित कुटुंबात, आणि तेही नसेल तर समाजातच, घरासारख्या वातावरणात व्हावी. पण समाज म्हणजे ज्याला त्याच्या तक्त्यावरची चिन्हं वाचता येतात असा निदान एक तरी माणूस, आमच्या चौघांबाहेरचा. आज असा एकही नाही. तो माणूस ऐनवेळी तयार होत नाही. म्हणून गुरुवार हवा, आणि तो आत्ताच हवा. आता तो चौदाचा आहे, त्याला नवी माणसं आवडतात, आणि कोण आवडलं नाही हेही तो ठणकावून सांगतो.

देणगी नको असं मी म्हणणार नाही. पलंगाला पैसे लागतीलच. पण माणसांची नावं आधी द्या. चार नावं पुरेत, त्यांतली दोन टिकतील असं मी धरून चालले आहे. आठवड्याभरात तुमची बैठक असेल तर मी येऊन तासभर सगळं समजावून सांगेन, फिटचा कागद आणि तक्ता सोबत आणेन. बैठक तळमजल्यावर ठेवा, कारण भावालाही यायचं आहे. तुमच्यापैकी कोण येणार हे तो स्वतः निवडणार आहे.

आपली,
एका चौदा वर्षांच्या मुलाची मोठी बहीण